दात नसलेल्या जबड्याचे स्कॅन: कवळीसाठी कुठे स्कॅनर, कुठे सिलिकॉन

दात असलेल्या तोंडात स्कॅनरचे (तोंडात फिरवून आकार टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे) काम सोपे असते. प्रत्येक दाताचे कंगोरे, खाचा, कडा वेगळ्या. एका चित्रातली खूण पुढच्या चित्रात सापडते आणि सॉफ्टवेअर तुकड्याला तुकडा जोडत जाते. सगळे दात गेले की या खुणाच जातात. उरते ती गुळगुळीत, ओली, एकसारख्या गुलाबी रंगाची रिज (दातांच्या जागी राहिलेला हिरडीचा उंचवटा), बाजूला हलणारा गाल आणि वळवळणारी जीभ. जोडणी चुकते, आणि चुकलेली जोडणी पडद्यावर ओळखू येईलच असे नाही. चित्र देखणेच दिसते.

त्याहून मोठी अडचण निराळी आहे. स्कॅनरला आकार कळतो, दाब कळत नाही. वरची कवळी टिकते ती कडेच्या सीलवर (हवा आत न शिरू देणाऱ्या घट्ट बसण्यावर), आणि ती कड किती लांब, किती जाड हवी हे गाल-ओठ हलल्यावरच ठरते. स्कॅन करताना आपण गाल आरशाने ओढून धरलेला असतो. म्हणजे कवळीसाठी जी माहिती सगळ्यांत मोलाची, तीच स्कॅनमध्ये सगळ्यांत कच्ची.

म्हणून शिफारस आधीच सांगून टाकतो. रिज चांगली असेल तर वरचा जबडा थेट तोंडात स्कॅन करून कवळीपर्यंत जाता येते. खालच्या जबड्याच्या कडा सिलिकॉननेच (तोंडात घट्ट होणाऱ्या, माप घ्यायच्या मटेरियलने) घ्याव्यात आणि स्कॅनरने ते माप स्कॅन करावे. आणि रुग्णाकडे बऱ्या स्थितीतली जुनी कवळी असेल, तर दोन्ही जबड्यांसाठी तिच्यासारखा ट्रे (माप घ्यायचा साचा) दुसरा नाही.

आधी तोंड पाहा

शेवटचा दात काढून निदान सहा ते आठ आठवडे गेलेले असावेत. जुनी कवळी वापरणाऱ्याने ती आदल्या रात्रीपासून, जमल्यास पूर्ण २४ तास, काढून ठेवलेली हवी. दाबलेली हिरडी स्कॅनरला जशी दिसते तशीच तो घेतो आणि नवी कवळी जुन्या कवळीच्या चुकांवर बेतली जाते. गडचिरोली-चंद्रपूरहून पहाटेच्या बसने निघून गणेशपेठ स्टँडवर उतरणाऱ्या माणसाला हे अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगावे: कवळी पाण्याच्या डबीत घालून आणा, तोंडात घालून येऊ नका. हिरडी लाल, सुजलेली असेल तर कवळीत आतून टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम देणारे मऊ अस्तर) लावा, तीन-चार दिवसांनी बदला, आणि स्कॅन पुढे ढकला.

नागपुरात आणि एकूण विदर्भात खर्ऱ्याचा विचार केल्याशिवाय कवळीचा विचार करता येत नाही. सुपारी-तंबाखू-चुन्याने गालाच्या आत पांढरट, कडक पट्टे आलेले, तोंड नीट उघडत नाही, असे रुग्ण रोजचेच. यांच्यात मोजमापाची एक फसगत होते. दात असताना तोंड ३५ मिमी उघडले तर ठीक म्हणतात. दात नसताना रिजपासून रिजपर्यंत ४० मिमी दिसले की तेही ठीकच वाटते. पण त्यातले वीसेक मिलिमीटर उद्या नव्या दातांनी व्यापले जाणार आहेत. स्कॅनरचे टोक आत जाते, माप सुरेख येते, आणि कवळी घालायच्या दिवशी ती ओठांतून आत जात नाही. म्हणून आधी स्टॉक (तयार मिळणारा) ट्रे किंवा जुनी कवळी आत जाते का ते पाहावे. बाकी अशा तोंडात ट्रेपेक्षा स्कॅनर सोयीचा हे खरे, आणि ताठ झालेला गाल फारसा हलत नसल्याने जोडणीही बरी होते.

न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, हाताला लागणारी टणक गाठ यांतले काहीही दिसले तर स्कॅनर बाजूला ठेवा. अशा रुग्णाला आधी बायोप्सीसाठी शासकीय दंत महाविद्यालयात किंवा कर्करोग रुग्णालयात पाठवायचे; कवळी नंतर.

समोरची रिज बोटाने दाबली की लोळते, अशा थुलथुलीत हिरडीला मात्र स्कॅनर उत्तम. ट्रेमधले मटेरियल तिला वाकवते, स्कॅनर न शिवता घेतो. फक्त टोक टेकवू नका.

तयारी

स्कॅनर कॅलिब्रेट करून, टोक गरम होऊ द्या. थंड आरशावर वाफ धरली की पहिल्याच फेरीत चित्र तुटते. खुर्चीचा दिवा बंद. लॅपटॉप यूपीएसवर, कारण अर्ध्या टाळूवर लाइट गेली तर पुन्हा श्रीगणेशा. हाताशी दोन तोंडातले आरसे, सक्शन, भरपूर गॉझ आणि न पुसणारी पेन्सिल.

ऑर्डर भरताना एडेंच्युलस (बिनदाती) किंवा डेंचर (कवळी) हाच प्रकार निवडा. नेहमीच्या प्रकारात गाल-जीभ आपोआप पुसून टाकणारा फिल्टर चालू असतो. क्राउनच्या (दाताच्या टोपीच्या) कामात तो उपकारक, इथे तो तुमच्या डोळ्यांदेखत सल्कस (रिज आणि गाल-ओठ यांच्यामधली खळ) खाऊन टाकतो. स्कॅन कडेला सारखा कापला जात असेल तर हात चुकतोय असे समजण्याआधी हा फिल्टर पाहा.

टाळूवरची लाळ चिकट असते, नुसत्या सक्शनने निघत नाही. कोरड्या गॉझने टाळू दाबून पुसा, मग हलकी हवा. खाली सल्कसमध्ये साचलेली लाळ पृष्ठभाग म्हणूनच नोंदली जाते: सल्कस उथळ दिसतो, कवळीची कड आखूड येते.

टाळू अगदी सपाट, वळ्या झिजलेल्या असतील तर मध्यरेषेवर प्रेशर इंडिकेटर पेस्टचे (दाब कुठे पडतो ते दाखवणाऱ्या पेस्टचे) तीन-चार छोटे उंचवटे ठेवा. पेन्सिलची खूण रंगाची असते, उंचीची नसते. जोडणीला तिचा आधार थोडाच. पेस्टचे ठिपके अर्ध्या मिलिमीटरहून उंच नकोत, आणि मध्यरेषेवरच हवेत, कारण तिथे कवळीला आतून थोडी मोकळीक द्यायचीच असते.

वरचा जबडा

रुग्णाला 'आऽ' म्हणायला लावा. मऊ टाळू जिथून हलू लागतो ती रेषा दोन्ही हॅम्युलर नॉचपर्यंत (वरच्या रिजच्या मागच्या टोकाशी असलेल्या खाचांपर्यंत) पेन्सिलने काढा. मग:

१. सुरुवात टाळूच्या पुढच्या वळ्यांपासून. जोडणीला खुणा सापडतात अशी दात नसलेल्या तोंडातली ही जवळपास एकमेव जागा. स्कॅन मध्येच तुटला तर परत इथेच यायचे.

२. इन्सिसिव्ह पॅपिलावरून (समोरच्या दातांच्या मागच्या लहान उंचवट्यावरून) रिजच्या माथ्यावर, माथ्याने उजव्या ट्यूबरॉसिटीपर्यंत (रिजच्या मागच्या टोकाच्या फुगवट्यापर्यंत), त्याच वाटेने परत, मग डावीकडे. टोक हिरडीपासून काही मिलिमीटर वर, गती संथ आणि एकसारखी.

३. टाळू नागमोडी, उजवीकडून डावीकडे, पुढून मागे. दोन्ही बाजूंच्या रिज एकमेकींना बांधल्या जातात त्या टाळूवरून. या फेऱ्या विरळ राहिल्या तर मागची रुंदी चुकते आणि कवळी एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला उचलते.

४. गालाकडची बाजू आणि सल्कस सगळ्यांत शेवटी. हलणारे भाग न हलणाऱ्या सांगाड्याला जोडायचे. उलट केले तर सांगाडाच हलतो.

५. पेन्सिलची रेषा आणि तिच्या मागे काही मिलिमीटर. उलटीची भावना येणाऱ्यांना नाकाने श्वास घ्यायला सांगा आणि हा भाग दोन-तीन झटक्यांत उरका.

सल्कसवर थोडे थांबू. गाल बाहेर ओढायचा तो सल्कसचा तळ दिसण्यापुरता. जास्त ओढला की स्नायू आणि फ्रेनम (ओठ-गाल हिरडीला जोडणाऱ्या पातळ घड्या) खाली येतात, खळ उथळ होते. आरशाचे टोक वर खुपसले तर उलटे: खळ खोटी खोल दिसते, कवळीची कड लांब होते, आणि आठ दिवसांत जखम घेऊन रुग्ण दारात. रिंगसारखा गाल-पसरणी रिट्रॅक्टर इथे टाळलेलाच बरा. त्याची आतली कडी नेमकी सल्कसमध्ये बसते. एक भाग एकदाच घ्या. तोच गाल दोनदा वेगवेगळ्या ताणाने घेतला की सॉफ्टवेअरकडे दोन पृष्ठभाग होतात आणि ते त्यांची सरासरी काढते किंवा एकावर एक थर चढवते. बिघडले तर तेवढा भाग पुसून नव्याने घ्या, वरून गिरवू नका.

ट्यूबरॉसिटीच्या बाहेर जागाच मिळत नाही अशी तक्रार असते. तोंड पूर्ण उघडले की खालच्या जबड्याचा कोरोनॉइड (वर जाणारा हाडाचा फाटा) पुढे येऊन ती जागा अडवतो. "काकाजी, तोंड अर्धंच उघडा आणि खालचा जबडा या बाजूला सरकवा" असे सांगून ज्या बाजूचे स्कॅन चालू आहे त्याच बाजूला जबडा नेला की टोक सहज मागे जाते.

हात बसल्यावर वरचा जबडा दोनेक मिनिटांत होतो. पाच मिनिटे लागत असतील तर तो स्कॅन ठेवू नका. पुन्हा पुन्हा फिरवल्याने जोडणीच्या चुका साठत जातात.

तपासणीची सोपी युक्ती: स्कॅनआधी दोन्ही ट्यूबरॉसिटीवर पेन्सिलचा एकेक ठिपका द्या आणि तोंडातच डिव्हायडरने अंतर मोजून ठेवा. स्कॅनवर तेच अंतर मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टाळूपासून पुन्हा.

खालचा जबडा

इथे स्कॅन घ्यावा, पण त्याच्यावर कवळी बेतू नये. झिजलेल्या खालच्या रिजवर घट्ट हिरडीची पट्टी काही मिलिमीटरच उरते. तिच्या दोन्ही बाजूंना सगळे हलते. जिभेखालची मागची खळ तर टोकाच्या नजरेत येतच नाही, आणि खालच्या कवळीची पकड बरीचशी तिथेच असते.

एका रेट्रोमोलर पॅडपासून (खालच्या रिजच्या मागच्या टोकाच्या मऊ उशीपासून) माथ्यावरून दुसऱ्या पॅडपर्यंत, मग जिभेकडची बाजू, शेवटी गालाकडची. बकल शेल्फ (रिजच्या गालाकडचा हाडाचा सपाट भाग) पूर्ण घ्या, चावण्याचा भार तोच झेलतो. जीभ आरशाने बाजूला रेटण्यापेक्षा टाळूच्या पुढच्या भागाला सैल टेकवून ठेवायला सांगा. रेटली की ती जोर लावते आणि तोंडाचा तळ वर येतो.

या स्कॅनवरून स्पेशल ट्रे डिझाइन करून प्रिंट करायचा. कड सल्कसच्या २ मिमी आत, जाडी २ ते २.५ मिमी, लाइट बॉडी (पातळ) सिलिकॉनसाठी अर्धा ते एक मिलिमीटर जागा आणि चार टिश्यू स्टॉप (ही जागा राखण्यासाठी हिरडीवर टेकणारे उंचवटे). ट्रेवरच बाइट रिम (दातांच्या जागी उभी पट्टी) जोडून प्रिंट केली तर एक फेरी वाचते. कडा मीडियम किंवा हेवी बॉडी (दाट) सिलिकॉनने घडवा: गाल वर-आत-बाहेर, ओठ, जीभ दोन्ही गालांना आणि बाहेर. मग लाइट बॉडीचा वॉश (शेवटचा पातळ थर). हे माप बाहेर काढून सर्व बाजूंनी स्कॅन करा. कोणाला ही द्राविडी प्राणायामाची वाट वाटेल, पण खालच्या कवळीला सगळ्यांत कमी फेऱ्या याच वाटेने लागतात.

जुनी कवळी हाच ट्रे

जुनी कवळी झिजली, ढिली झाली, पण दातांची जागा आणि चेहरा रुग्णाला मानवलेला आहे, अशा वेळी ही रीत सर्वांत भरवशाची. एका बैठकीत माप, बाइट (दोन्ही जबडे मिटल्यावर जुळतात ती स्थिती) आणि दातांची जागा तिन्ही मिळतात.

आतला अंडरकट (माप अडकवणारा आत वळलेला भाग) थोडा घासून घ्या, लांब कडा आखूड करा, ॲडहेसिव्ह लावून वाळू द्या. कडा घडवल्यावर आत लाइट बॉडीचा पातळ थर. हलक्या दाबाने दात मिटवायला सांगा आणि सिलिकॉन बसेपर्यंत तसेच राहू द्या. वरची आणि खालची एकदम करू नका; आधी वरची पूर्ण, मग खालची. दोन्ही एकदम केल्या तर कोणती कवळी सरकली हे कळत नाही. सिलिकॉनचा थर एका बाजूला जाड आणि विरुद्ध बाजूला पातळ झाला असेल तर कवळी सरकलेली आहे. माप पुन्हा.

मग दोन्ही तोंडात ठेवूनच उजवी-डावी बाइट स्कॅन करा. त्यानंतर बाहेर काढून धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून एकेक कवळी चौफेर स्कॅन करायची: दातांच्या बाजूने सुरुवात, कडेवरून वळून आत, पुन्हा दुसऱ्या कडेवरून बाहेर. आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांना जोडणारा दुवा म्हणजे ही कड. ती घाईत ओलांडली तर दोन वेगळे तुकडे मिळतात. चमकणारे ॲक्रिलिक आणि काळे किंवा पारदर्शक सिलिकॉन स्कॅनरला दिसत नाही. मॅट, अपारदर्शक रंगाचे सिलिकॉन वापरा, नाहीतर स्कॅन स्प्रेचा अगदी हलका हात. खालच्या कवळीची अरुंद, खोल खाच फोकसमध्ये येत नसेल तर हट्ट नको. स्टोनमध्ये मॉडेल ओतून लॅबच्या टेबल स्कॅनरला द्या.

शेवटी सिलिकॉन सोलून कवळी रुग्णाला परत. बिनदाताचा कोणी घरी जात नाही, हा या रीतीचा मोठा फायदा. आणि फाइल जवळ राहते: पुढच्या उन्हाळ्यात लग्नाच्या गडबडीत कवळी हरवली तर नवे माप घ्यावे लागत नाही.

बाइट, उंची आणि उच्चार

जुनी कवळी नसेल तर रिम लागतेच. दोन बिनदाती जबड्यांचे नाते स्कॅनर स्वतः शोधू शकत नाही. समोर सल्कसपासून कडेपर्यंत वरची रिम २२ मिमी, खालची १८ मिमी, ही सुरुवात. बाकी चेहरा सांगेल. जबडा सैल असतानाच्या उंचीतून २ ते ४ मिमी वजा करून मिटलेली उंची धरा. मध्यरेषा, सुळ्यांची रेषा, हसताना ओठ कुठवर जातो ते रिमवर कोरा, बाइट सिलिकॉनने दोन्ही रिम जोडा आणि बाहेर स्कॅन करा. चेहऱ्याचे दोन फोटो, ओठ मिटून आणि हसताना, लॅबला जरूर पाठवा.

इंग्रजी पुस्तकांत वरच्या दातांची लांबी 'एफ'ने तपासा म्हणतात. मराठीत हे जपून. आपल्या बऱ्याच ज्येष्ठांचा 'फ' दोन्ही ओठांतून येतो, दात ओठाला लागतच नाहीत. 'फुटाळा' म्हणवून काही कळत नाही. 'व' घ्या: वर्धा, वाडी, विदर्भ. वरच्या दाताची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेजवळ हलकी यायला हवी. 'स'साठी सहासष्ट, सदुसष्ट, सत्तर असे मोजायला लावा. दात एकमेकांवर आपटले तर उंची जास्त झाली आहे.

प्रिंट केलेली ट्रायल कवळी एकसंध पांढरी असते. ती तोंडात घालून हाच उच्चार, हीच उंची पुन्हा तपासा. इथे चूक सुधारणे स्वस्त, नंतर महाग.

लॅबला काय लिहायचे

पेन्सिलची रेषा पाठवायची तर पीएलवाय किंवा ओबीजे फाइल द्या. एसटीएलमध्ये रंग उरत नाही, आणि टेक्निशियन मागची कड अंदाजाने ठरवतो. पोस्टिरिअर पॅलेटल सील (टाळूच्या मागच्या कडेची सील) स्कॅनमध्ये नसते, ते सॉफ्टवेअरमध्ये द्यायला सांगा: दोन्ही बाजूंच्या मऊ भागात सुमारे १ मिमी, मध्यरेषेवर त्याच्या निम्मे.

आणि थेट स्कॅनवर कवळी करत असाल तर हे विसरू नका. दाब न देता घेतलेल्या आकारावर कवळी सगळीकडे सारखी टेकते. चावताना रिजवरची हिरडी दबते, टाळूची मध्यरेषा दबत नाही, आणि कवळी तिच्यावर सी-सॉसारखी डोलू लागते. आधी ढिलेपणाची तक्रार येते, काही महिन्यांनी कवळीला मधोमध तडा जातो. मध्यरेषेवर आणि इन्सिसिव्ह पॅपिलावर ०.२ ते ०.५ मिमी रिलीफ (आतून मोकळीक) लिहून द्या. कडेची जाडीही लिहा, साधारण २.५ ते ३ मिमी, कारण ताणलेल्या गालाच्या स्कॅनमध्ये ती नसतेच.

मिल्ड कवळी आधीच पूर्ण पॉलिमराइज झालेल्या (घट्ट होऊन पक्क्या झालेल्या) चकतीतून कोरलेली असते, त्यामुळे आकुंचनाचा प्रश्न जवळजवळ नाही. प्रिंटेड स्वस्त आणि झटपट, पण धुणे आणि पोस्ट-क्युअर (प्रकाशात ठेवून पक्के करणे) रेझिनच्या कंपनीने सांगितलेल्या वेळेइतकेच हवे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असतो. रेझिनची बाटली पत्र्याच्या खोलीत आणि मेणाची रिम गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. लॅबपर्यंत जाताना वाकलेली रिम परत जुळवता येत नाही.

कवळी घालताना

आत प्रेशर इंडिकेटर पेस्ट लावून बसवा, जिथे पुसली जाईल तेवढेच घासा. वरची कवळी ओढून पाहायची ती समोरचे दात धरून वर-पुढे. सुटली तर मागची सील कमी. बाजूने सुटली तर कड आखूड किंवा फ्रेनमला जागा कमी. नीट बसते, पण बोलताना खाली येते, तर कड लांब आहे. स्कॅनवरून केलेल्या कवळीत हा शेवटचा दोष सगळ्यांत जास्त, सल्कसमध्ये खुपसलेल्या आरशाची ही वसुली.

२४ तासांनी एकदा आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहायला हवे. दूरगावच्या रुग्णाचे कोणी नात्यातले नागपुरात असेल तर एक रात्र थांबवून घ्या. तपासणीला येण्याआधी काही तास कवळी घालूनच यायला सांगा. ठणकते म्हणून काढून ठेवली तर जखमेची जागा फिकी पडते आणि घासायचे कुठे ते कळत नाही. पहिले काही दिवस वरण-भात, मऊ पोहे, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचे. संत्र्याच्या फोडी चालतील, साल काढून. तर्रीतले चणे आणि सावजीची नळी पंधरा दिवसांनी.